ग्रुप कुठे आणि कॅश कुठे: एका कॉम्पच्या फेरमांडणीचे प्रकरण

शॉट १२० फ्रेमचा. ४०९६ × २१६० रिझोल्यूशन आणि सेकंदाला २४ फ्रेम, म्हणजे पडद्यावर पाच सेकंद. हिरव्या पडद्यासमोर, हातात धरलेल्या कॅमेऱ्याने टिपलेला अभिनेता, त्याच्यामागे सीजी (संगणकावर बनवलेला) पूल, त्याही मागे त्रिमितीतल्या सपाट कार्डांवर प्रोजेक्ट केलेले मॅट पेंटिंग (रंगवलेली पार्श्वभूमी), अधूनमधून धूर. न्यूक या कंपॉझिटिंग सॉफ्टवेअरमधली ही स्क्रिप्ट (म्हणजेच कॉम्प: ही सगळी चित्रे जुळवणारी, एकेक काम करणाऱ्या नोडांची साखळी) बरेचसे काम मंजूर झाल्यावर एका कंपॉझिटरकडून दुसऱ्याकडे आली. सुपरवायझरच्या उरलेल्या नोट तीनच होत्या: एकूण रंग थोडा थंड हवा, पुलावरच्या दिव्यांची चमक उतरवायची आणि अभिनेत्याच्या खांद्याची कडा सुधारायची.

तिन्ही नोट डोळ्याने सोडवायच्या. पण ग्रेडचा (रंगदुरुस्तीचा) स्लायडर थोडा हलवला तरी व्ह्यूअरवर नवे चित्र उतरेपर्यंत आधीचे चित्र मनातून पुसले जायचे. हळू स्क्रिप्टचे खरे नुकसान हेच आहे. वेळ जातो तो जातोच, पण त्याहून वाईट म्हणजे माणूस हळूहळू प्रयोग करणेच सोडतो. जी किंमत आधी बऱ्यापैकी दिसली तीच ठेवून पुढे जातो.

वरवर पाहता स्क्रिप्ट नीटनेटकी होती. 'प्लेट' (कॅमेऱ्याने टिपलेले मूळ चित्र), 'सीजी', 'बॅकग्राउंड', 'फायनल' असे नोडांचे चार ग्रुप, त्यांच्या पोटात आणखी ग्रुप. शिवाय काढलेले चित्र डिस्कवर साठवून ठेवणारे तीन डिस्ककॅश नोड लावलेले. म्हणजे ग्रुपही होते आणि कॅशही होता, तरी स्क्रिप्ट हलत नव्हती.

ग्रुपमुळे गणित बदलत नाही

न्यूकमध्ये काम मागणीनुसार चालते. व्ह्यूअर चित्राच्या ओळी मागतो, शेवटचा नोड त्या आपल्या इनपुटकडे मागतो, तो त्याच्या इनपुटकडे, आणि ही मागणी पार फाइल वाचणाऱ्या रीड नोडपर्यंत वर जाते. या प्रवासात ग्रुपला स्वतःचे काही काम नसते. आतल्या इनपुट नोडमधून मागणी वर जाते, आउटपुट नोडमधून उत्तर खाली येते, आणि आतले वीस नोड आधी होते तेच आणि तितकेच राहतात. दप्तराला कप्पे केले म्हणून पुस्तकांचे वजन कमी होत नाही. ग्रुप माणसासाठी असतो: नोड ग्राफ वाचता यावा, एखादा तुकडा दुसऱ्या शॉटमध्ये नेता यावा, नको त्या ठिकाणी हात लागू नये.

कॅशचे तसे नाही. प्रत्येक नोडचा एक हॅश, म्हणजे ओळखीचा आकडा, असतो. त्या नोडच्या किमती आणि त्याच्या वरच्या सगळ्या नोडांचे हॅश मिळून तो बनतो. हॅश तोच असेल तर साठवलेले चित्र वापरता येते. वरच्या कुठल्याही नोडमध्ये काही हलले की खालच्या सगळ्यांचे हॅश बदलतात आणि साठवलेले चित्र निरुपयोगी ठरते. त्यामुळे कॅशची जागा ठरवताना एक प्रश्न टाळता येत नाही: या जागेच्या वर आता काय बदलणार आहे? ग्रुपची सीमा अर्थावरून ठरते, कॅशची बदलावरून. या स्क्रिप्टमध्ये दोन्ही सीमा एकच मानल्या होत्या.

तीन कॅश, तीन वेगळी कारणे

पहिला डिस्ककॅश अभिनेत्याभोवतीच्या रोटोच्या (हाताने आखलेल्या बाह्यरेषेच्या) लगेच खाली होता. कडेची नोट उघडी होती, म्हणजे रोटोचे बिंदू रोज हलत होते. बिंदू हलला की हॅश बदलला आणि कॅश गेला. डिस्कवर लिहिण्याचा खर्च दरवेळी होत होता, वाचण्याचा फायदा जवळपास कधीच मिळत नव्हता.

दुसरा सगळ्यात शेवटी, ग्रेनच्या (चित्रात दाणा घालणाऱ्या नोडच्या) खाली होता. तिथे तर साऱ्या स्क्रिप्टमधला प्रत्येक बदल येऊन पोहोचतो. ती जागा बहुतेकांना सुचते, कारण जे डोळ्यांना दिसते तेच साठवावे असे वाटते. पण रंगाची नोट सोडवताना ती निरुपयोगी आहे.

तिसरा मला सर्वांत गंभीर वाटला, कारण तो चित्र बिघडवत होता. प्लेट स्थिर करणारा ट्रान्सफॉर्म आणि तिला पुन्हा जागेवर बसवणारा ट्रान्सफॉर्म या दोघांच्या मध्ये तो ठेवलेला होता. दोन ट्रान्सफॉर्म लागून असले की न्यूक त्यांचे गणित एकत्र करते आणि चित्र एकदाच फिल्टर करते. मध्ये ग्रेडसारखा दुसरा नोड आला किंवा चित्र डिस्कवर उतरले की प्रत्येक ट्रान्सफॉर्मचे फिल्टरिंग वेगळे होते. अभिनेत्याच्या चेहऱ्यावरची किंचित मऊपणाची तक्रार आधीच्या एका फेरीत येऊन गेली होती आणि तिच्यावर शार्पनचा इलाज केलेला होता. कारण हा कॅश होता. तो काढला, शार्पन काढले, चेहरा पूर्ववत झाला.

जागेचे गणितही जमत नव्हते. ४०९६ × २१६० म्हणजे ८८,४७,३६० पिक्सेल. चार चॅनल, प्रत्येकी ३२ बिट फ्लोट धरले तर कॉम्प्रेशनशिवाय एक फ्रेम सुमारे १४२ एमबी आणि १२० फ्रेम सुमारे १७ जीबी. त्या यंत्रावर डिस्क कॅशची मर्यादा १० जीबी ठेवलेली होती. एका नोडचा पूर्ण शॉटसुद्धा तिथे मावणे कठीण, आणि तिघे त्याच जागेसाठी भांडत होते. एकाने लिहिलेले दुसऱ्याला जागा देण्यासाठी पुसले जायचे, मग पहिल्याला ते पुन्हा लागायचे. त्यात धुराचा एक तुकडा फ्रेमच्या बराच बाहेर सरकत होता आणि चित्रे जोडणाऱ्या मर्ज नोडच्या 'युनियन' पर्यायामुळे बाउंडिंग बॉक्स (ज्यात पिक्सेलांचे गणित होते ती चौकट) त्याच्याबरोबर पसरत होता. बॉक्स रुंदी-उंचीत दुप्पट झाला की पिक्सेल चौपट होतात, आणि पडद्यावर त्यातले काहीच दिसत नाही. धुरानंतर एक क्रॉप बसवला. सगळ्या बदलांमधला हा सर्वांत स्वस्त.

आधी मोजले

अंदाजाने कॅश लावण्याऐवजी न्यूक '-पी' पर्यायासह सुरू केले. त्याने कामगिरीचे टायमर चालू होतात आणि नोड ग्राफमध्ये प्रत्येक नोडला त्याच्या वेळेच्या वाट्यानुसार रंग येतो: हलके हिरव्याकडे, जड लालकडे. ग्रुप उघडून आत पाहिले तर लाल नोड थोडेच निघाले: प्लेटवरचा डीनॉइज (नॉइज काढणारा), मॅट पेंटिंगचा स्कॅनलाइन रेंडर (त्रिमितीतल्या कार्डांचे चित्र काढणारा), झेडडीफोकस (अंतरानुसार चित्र धूसर करणारा), आणि सीजीचे रीड नोड. शेवटचे नाव अनेकांच्या लक्षात येत नाही, कारण रीडकडे कोणी जड नोड म्हणून पाहत नाही.

डीनॉइजबद्दल थोडे सविस्तर सांगायला हवे. तो मागच्या-पुढच्या फ्रेम पाहून काम करतो. त्याच्या खाली आधीच्या कंपॉझिटरने टेम्पोरल मीडियन लावला होता. तो चालू, मागची आणि पुढची अशा तीन फ्रेम मागतो. म्हणजे पडद्यावर एक फ्रेम दिसण्यासाठी डीनॉइज तीन वेळा चालत होता, आणि प्रत्येक वेळी आपल्या शेजारच्या फ्रेम वाचत होता. काळात मागेपुढे पाहणारे नोड असे एकाखाली एक आले की खर्चाची बेरीज राहत नाही, गुणाकार होतो. दोन टेम्पोरल नोडांच्या मधली जागा हे कॅशसाठी मला माहीत असलेले सर्वांत किफायतशीर ठिकाण आहे, अर्थात वरचा नोड पक्का झालेला असेल तर.

काय गोठवायचे, काय वाहते ठेवायचे

यानंतर शाखा दर शाखा विचारले: इथे अजून कोण हात घालणार?

प्लेटचा डीनॉइज कोणी बदलणार नव्हते. प्लेट तीच, किमती मंजूर. तो डिस्कवर ईएक्सआर या फाइल फॉरमॅटमध्ये लिहिला, कायमचा प्रीकॉम्प (आधीच काढून ठेवलेले चित्र) म्हणून. लेन्सची वक्रता काढणारे अनडिस्टॉर्ट मात्र त्यात घेतले नाही. ट्रॅकिंगकडून लेन्सची दुरुस्ती येण्याची शक्यता होती आणि अनडिस्टॉर्टचा खर्च तसा कमी होता. जे जड आहे आणि पक्के आहे तेवढेच गोठवले. ट्रान्सफॉर्मची साखळी पूर्णपणे त्याच्या खाली राहील याची काळजी घेतली.

मॅट पेंटिंगही मंजूर होते, म्हणून स्कॅनलाइन रेंडरनंतर दुसरा प्रीकॉम्प. आकाशाची एखादी दुरुस्ती आली तर पुन्हा लिहावा लागेल, हे मान्य करूनच.

सीजीचे उलट होते. लायटिंगकडून पुलाची आणखी एक आवृत्ती येणार होती, त्यामुळे पासेस (दिवे, परावर्तन असे वेगवेगळे रेंडर केलेले भाग) जोडल्यानंतर गोठवण्यात अर्थ नव्हता. तिथला खर्च वाचण्याचा होता. रेंडर एका ईएक्सआरमध्ये ४० चॅनल घेऊन येत होते. अशा एकसंध स्कॅनलाइन फाइलमध्ये एका ब्लॉकमधली सगळ्या चॅनलांची माहिती एकत्र कॉम्प्रेस केलेली असते. एकच चॅनल हवा असला तरी पूर्ण ब्लॉक उलगडावा लागतो. हाफ फ्लोटमध्ये (१६ बिट) ४० चॅनलांची ही फ्रेम उलगडली की सुमारे ७०८ एमबी होते. ओपनईएक्सआर २.० पासून, म्हणजे २०१३ पासून, अनेक भागांची फाइल लिहिता येते आणि हवा तो भाग वेगळा वाचता येतो. पण हे रेंडर तसे लिहिलेले नव्हते. कॉम्पमध्ये प्रत्यक्ष लागत होते ते आरजीबीए, दिव्यांचा पास, परावर्तनाचा पास आणि खोली (कॅमेऱ्यापासूनचे अंतर), इतकेच. पहिले तीन मिळून दहा चॅनल हाफमध्ये आणि खोली ३२ बिटमध्ये वेगळ्या फाइलीत लिहिली; दोन्ही मिळून फ्रेमला २१२ एमबीच्या आसपास. नवी आवृत्ती आली की ही छाटणी फार्मवर (रेंडर करणाऱ्या यंत्रांच्या ताफ्यावर) आपोआप चालेल अशी सोय केली. ग्रेड, शफल, मर्ज सगळे वाहते राहिले.

उरला झेडडीफोकस. फोकसच्या किमती मंजूर होत्या, पण त्याच्या वर सीजी होते आणि ते बदलणार होते. इथे प्रीकॉम्प लिहिला असता तर दोन दिवसांनी खोटा ठरला असता. डिस्ककॅश नोडची खरी जागा ही. तो मागितलेल्या ओळी साठवतो, हॅश बदलला की आपसूक बाद होतो, फाइलींची नावे सांभाळावी लागत नाहीत. झेडडीफोकसच्या लगेच खाली एकच डिस्ककॅश ठेवला, कॅशचे फोल्डर त्याच यंत्रातल्या वेगवान डिस्कवर नेले आणि मर्यादा वाढवली. अभिनेता, दिव्यांची चमक, ग्रेड, री-डिस्टॉर्ट आणि ग्रेन सगळे त्याच्या खाली. म्हणजे तिन्ही नोट कॅशच्या खालच्या अंगाला आल्या. स्लायडर पुन्हा हाताबरोबर चालू लागला.

एक मर्यादा इथेच नोंदवतो: डिस्ककॅश त्या यंत्रापुरता असतो. फार्मवरच्या यंत्रांना तो दिसत नाही, त्यामुळे अंतिम रेंडर त्याने जलद होत नाही. फार्मला उपयोग होतो तो सामाईक डिस्कवरच्या प्रीकॉम्पचा.

फाइल कशी लिहिली

प्रीकॉम्पमध्ये निष्काळजीपणाची किंमत चित्रात दिसते, म्हणून इथे घाई करू नये असे माझे ठाम मत आहे.

हाफ फ्लोट रंगासाठी पुरेसा आहे. पण त्याची कमाल किंमत ६५,५०४ आहे आणि बारकावा किंमतीबरोबर कमी होत जातो. ०.५ ते १ या टप्प्यात दोन शेजारच्या किमतींमधले अंतर १/२०४८ असते. आधीच्या स्क्रिप्टमध्ये लेन्सचा एसटीमॅप (कुठला पिक्सेल कुठून उचलायचा हे सांगणारे चित्र) हाफमध्ये लिहिलेला होता. एसटीमॅपमध्ये ० ते १ म्हणजे पूर्ण रुंदी. ४०९६ पिक्सेलच्या चित्रात १/२०४८ म्हणजे दोन पिक्सेल. चित्राच्या उजव्या अर्ध्यात पुलाच्या तारांना बारीक पायऱ्या पडल्या होत्या आणि डाव्या बाजूला त्या कमी जाणवत होत्या, त्याचे कारण हे. तारांच्या रेंडरला उगाच दोष लागला होता. एसटीमॅप ३२ बिटमध्ये पुन्हा लिहिल्यावर पायऱ्या गेल्या. खोली, पोझिशन, मोशन व्हेक्टर यांनाही तोच नियम: हा रंग नाही, मोजमाप आहे, त्याला ३२ बिट द्यायचे. खोली वेगळ्या फाइलीत गेली ती यामुळेच.

कॉम्प्रेशन झिप निवडले, एका ओळीचे. न्यूक ओळीओळीने मागते. सोळा ओळींच्या झिपमध्ये एक ओळ हवी असली तरी सोळा उलगडतात, पीझ आणि डीडब्ल्यूएएमध्ये बत्तीस. डीडब्ल्यूएए जागा खूप वाचवतो, पण तो चित्रातली माहिती थोडी गमावतो. डेलीसाठी (रोजच्या पाहणीसाठी) पाठवायला उत्तम, पुन्हा कीइंग (हिरवा पडदा काढणे) किंवा ग्रेड होणाऱ्या प्रीकॉम्पला मी तो वापरत नाही.

फॉरमॅटच्या बाहेरचा ओव्हरस्कॅन मॅट पेंटिंगच्या फाइलीत टिकतो आहे ना, हेही तपासले. तो कापला गेला असता तर री-डिस्टॉर्ट करताना कोपऱ्यांत काळे आले असते.

शिळा कॅश

प्रीकॉम्पचा मोठा धोका म्हणजे वरचे काम बदलते आणि खाली जुनी फाइल वाचली जात राहते. चित्र दिसते, चूक कुठेच लाल होत नाही, आणि डेलीमध्ये मागच्या आठवड्यातले आकाश पडद्यावर येते. यावर न्यूकमध्येच एक चांगली सोय आहे आणि ती फार कमी वापरली जाते. राइट नोडमध्ये 'रीड फाइल' चालू केले की खालच्या नोडांना वरची शाखा न चालवता लिहिलेली फाइल मिळते. ईएक्सआर लिहिताना नोडचा हॅश फाइलीच्या मेटाडेटात जातो, आणि 'चेक फाइल हॅश ऑन रीड' चालू असेल तर हॅश न जुळल्यास न्यूक एरर देते. दोन्ही प्रीकॉम्प असे केले. अडवणूक वाटते खरी, पण गप्प राहणाऱ्या चुकीपेक्षा अडवणारी एरर कधीही बरी.

हॅश नोडच्या किमती आणि जोडण्यांवरून बनतो. लायटिंगने किंवा मॅट पेंटरने जुन्याच नावावर नवी फाइल ओतली तर केवळ हॅशच्या भरवशावर राहू नये. म्हणून येणाऱ्या प्रत्येक फाइलीच्या नावात आवृत्ती असलीच पाहिजे ही अट घातली, आणि प्रीकॉम्पच्या नावातही वरच्या आवृत्तीचा क्रमांक ठेवला.

ग्रुप पुन्हा बांधले

कॅशच्या जागा ठरल्यानंतरच ग्रुपकडे वळलो. हा क्रम महत्त्वाचा वाटतो, कारण ग्रुप आधी बांधला की कॅश त्याच्या पोटात कुठेतरी अडकतो आणि बाहेरून दिसत नाही. नियम असा केला की डिस्ककॅश आणि राइट नोड नेहमी वरच्या पातळीवर, उघड्यावर. ज्याला स्क्रिप्ट पुढे सांभाळायची आहे त्याला पहिल्या नजरेत कळले पाहिजे की चित्र कुठे गोठले आहे.

मंजूर भागांचेच ग्रुप ठेवले. ज्यावर काम चालू होते, म्हणजे कीइंगच्या कडा, दिव्यांची चमक, शेवटचा ग्रेड, ते बाहेर काढून त्यांच्यामागे फक्त बॅकड्रॉप (रंगीत चौकट) दिले. चालू काम ग्रुपमध्ये कोंडले की प्रत्येक फेरीत आतबाहेर करावे लागते. ग्रुपच्या पोटातले ग्रुप मोडून एकच पातळी ठेवली. प्रत्येक ग्रुपवर बाहेरून दोन-तीनच नॉब (नियंत्रणे) दाखवले. सगळे नॉब बाहेर आणायचे असतील तर ग्रुप करण्याची गरजच नव्हती.

एक गुंता मात्र निस्तरावा लागला. मॅट पेंटिंगच्या प्रोजेक्शनमध्ये कॅमेऱ्याचा फ्रेमहोल्ड (कॅमेरा एका फ्रेमवर थांबवणारा नोड) एका कंट्रोल नोडवरून संदर्भ फ्रेम घेत होता, एक्स्प्रेशनने, म्हणजे त्या नोडचे नाव घेणाऱ्या सूत्राने. ग्रुपची पातळी बदलली की अशा नावांचा पत्ता बदलतो. दुसऱ्या पातळीवर त्याच नावाचा नोड असेल तर एरर न येता भलतीच किंमत मिळू शकते आणि पेंटिंग कार्डांवर सरकते. सगळी एक्स्प्रेशन तपासून जिथे वरच्या पातळीचा नोड अभिप्रेत होता तिथे 'पॅरेंट' स्पष्ट लिहिले.

गिझमो करावा का, हा प्रश्न निघाला. गिझमो म्हणजे ग्रुपच, पण तो स्वतंत्र फाइल असतो आणि ती प्रत्येक यंत्राच्या, फार्मच्याही, प्लगइन पाथमध्ये असावी लागते. एका शॉटपुरत्या मांडणीसाठी तो व्याप नको होता. साधा ग्रुप स्क्रिप्टमध्येच राहतो, तो पुरे. हेच डीनॉइजचे सेटिंग पुढच्या अनेक शॉटना लागले असते तर न्यूक ११ पासून असलेला लाइव्हग्रुप निवडला असता: एका ठिकाणी बदल, सगळीकडे परिणाम. ब्लेंडरमध्ये नोड ग्रुप मुळातच तसा चालतो, एकाच ग्रुपचे अनेक वापर एकच व्याख्या वाटून घेतात. त्यामुळे तिथे एका शॉटपुरता बदल करताना आधी स्वतंत्र प्रत करावी लागते, नाहीतर दुसऱ्या ठिकाणचे मंजूर काम हलते.

पुढे काय झाले

रंग आणि चमकेच्या नोट डिस्ककॅशच्या आधाराने सुटल्या. मग पुलाची नवी आवृत्ती आली. छाटलेल्या फाइली फार्मवर बनल्या, रीडमध्ये आवृत्ती बदलली, झेडडीफोकसखालचा कॅश आपोआप बाद झाला आणि पुन्हा भरला. प्लेट आणि मॅट पेंटिंगच्या प्रीकॉम्पला हातही लावावा लागला नाही.

अंतिम रेंडरपूर्वी एकच तपासणी उरली होती: गोठवलेली शाखा आणि वाहती शाखा यांची वजाबाकी. पहिल्या, मधल्या आणि शेवटच्या फ्रेमवर मर्ज 'डिफरन्स' लावून व्ह्यूअरचा गेन खूप वर नेला. मॅट पेंटिंगमध्ये हाफच्या पूर्णांकनाइतका बारीक फरक दिसला, तोही सर्वांत उजळ ढगांमध्ये. प्लेटमध्येही तेवढाच. कडांवर कुठेही रेघ नव्हती, म्हणजे चित्र अर्ध्या पिक्सेलनेसुद्धा सरकलेले नव्हते. त्यावर अंतिम रेंडर प्रीकॉम्पमधूनच काढायचा निर्णय घेतला, हॅशची तपासणी चालू ठेवून.